उपासानं वाढलेलं वजन

आमच्या मालकांचं नाव गुरप्पा. घेतलं की नाव, लाजायचं काय त्यात! सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाची काठी ह्यांनी नऊ वर्सं पेलली. घराहून उंच, लई जड काठी, अन् कमरेच्या पट्ट्यावर एकट्यानं धरून चालायचं. पंच्याहत्तर सालच्या यात्रेत मात्र अर्ध्या वाटेत धाप लागली अन् काठी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. पोट सुटलं होतं, दुसरं काय! सराव घेणारे शिवलिंगप्पा वस्ताद म्हणाले, पुढच्या सरावात दम टिकला तर काठी तुझी, न्हायतर दुसरा गडी बघतो. हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मला बघवेना.

मग ह्यांनी उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी. पण उपासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी, तिच्यात मूठमूठ दाण्याचं कूट, शेंगदाण्याचे लाडू, दह्यात साखर. दोन महिन्यांनी आमच्याच धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभे राहिले, तर तीन किलो जास्त! माझं डोकंच फिरलं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं न्हाय. देवाच्या नावावर पोट भरायचं अन् वर काट्याला शिव्या द्यायच्या.

मी सांगून टाकलं, सोमवार तेवढा ठेवा, तो बी ताकावर. एरवी ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची उसळ न्हायतर मेथी, शेंगाची चटणी चमचाभर. दिवेलागणीला जेवण. दुकानाला सायकल बंद, पायी जायचं. ह्यांच्यासाठी वेगळं काय शिजवलं न्हाय, पोरं खातील तेच. सणाला पुरणाची होळगी केली तर ती बी वाढली, एक. दुसऱ्या दिशी परत भाकरी. पहिले पंधरा दिवस हे तोंड फुगवून जेवायचे. तू मला उपाशी मारणार, म्हणाले. मी म्हटलं, मारायचं असतं तर साबुदाणाच घालत बसले असते.

वजन उतरलं ते महिन्याला किलो, कधी दीड किलो. घाई ह्यांना होती, मला न्हाय. दिवाळीपर्यंत धाप गेली. सरावात वस्तादांनी मुद्दाम लांबचा फेरा दिला, तो ह्यांनी न थांबता काढला.

यात्रेच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभी होते. अंगात पांढरी बाराबंदी, काठी सरळ, अन् हे शेवटपर्यंत डगमगले न्हाईत. शिवलिंगप्पांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर मीच नेम मोडला. भरपूर तूप सोडून शिरा केला होता. एक डाव वाढला अन् दुसरा उचलला, तर ह्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बास, रुद्राणी. पुढच्या वर्षी बी काठी धरायची हाय की."

काठी धरलेल्या हातापेक्षा ताटावरच्या त्या हाताचा मला जास्त अभिमान वाटला. उरलेला शिरा मी शेजारी वाटला, अन् का उरला ते सगळ्या गल्लीला सांगून आले.