पिवळा ठिपका

खिडकीतल्या बशीत ती पिन दिसली.

आमची चौसष्ट सालची फियाट वळणावर डुलायची, खड्ड्यात आपटायची. म्हणून मी आणि बापूनं आठवडाभर खपून तिचे शॉकअप बदलले, स्टेअरिंगचे सांधे नवे घातले. बापू फॅक्टरीत फिटर होता, मी इन्स्पेक्टर. तीस वर्षं एकच रीत. त्यानं नट कसायचा, मी तपासून पिवळा ठिपका द्यायचा. ठिपक्याच्या नटाला मग कोणी हात लावत नाही.

आज सकाळी माझी लेक यशश्री तीच गाडी घेऊन सिहोऱ्याला शाळेत शिकवायला निघाली. आणि स्टेअरिंगचा नट सुटू नये म्हणून त्यात आडवी घालायची पिन इथं बशीत.

बापू समोरच चहा पीत होता. "डावीकडचा नट कसला होतास ना?"

"त्यावर तुझा ठिपका होता, अच्युत. मी काहून हात लावू?"

ठिपका मीच दिला होता. बापू जेवायला गेलेला, ब्रशला रंग उरलेला, म्हटलं देऊन ठेवू, आल्यावर कसेल. असा मी अतिशहाणा.

फोन लावला. सात वेळा. उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच तिला रागावून शिकवलेलं.

पाना घेऊन स्कूटरवर निघालो. बापू चालवून राहिला होता, मी मागे. रस्त्यात कुठं चार माणसं जमलेली दिसली की मी मान उंचावून फियाट शोधायचो. मी भयंकर घाबरलो होतो. एरवी देवाचं नाव न घेणारा मी, सारखं पुटपुटत होतो.

पनागरच्या पुढे फियाट कडेला उभी दिसली. यशश्री बाहेर, कानाला फोन.

"तुमचे सात मिस कॉल बघून थांबले, बाबा. कधीची लावून राहिली आहे, तुम्हीच उचलत नाही. गाडी काय मस्त चालते पण, खड्डे कळतच नाहीत."

मी गाडीखाली सरकलो. नट बोटांनीच फिरला. दोन फेऱ्यांत हातात आला, ठिपक्यासकट.

बापूनं नट कसला, पिन घातली आणि सवयीनं बाजूला झाला, मी तपासावं म्हणून. माझा हात पुढे होईना.

"यशे, तू बघ," मी म्हटलं. "हलवून बघ. माझ्यावर भरवसा ठेवू नको."