वाफाभर बीट

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. सासऱ्यांनी परसातला अख्खा वाफा उपटून आणला होता. मातीने माखलेली बीटं दारापासून ओट्यापर्यंत पसरली होती आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर बसून ते एकेकाची पानं पिरगाळून काढत होते.

"बाबा, आजच?"

"आणखी ठेवली तर लाकूड होतील. आणि सुरी लावू नकोस हं, सूनबाई. देठ बोटभर राहू दे, शेपटीही राहू दे. नाहीतर उकळताना सगळा रंग पाण्यात जातो."

हे तिला आता झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. आठवडाभर लॉन्ड्रीत हॉटेलांच्या ओल्या चादरी उपसून तिचे खांदे भरून आले होते आणि आजचा दिवस फक्त लोळायचं, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, त्यामुळे कुरकुर करायची तर भिंतीपाशी. तिनं केस बांधले आणि सगळ्यात मोठं पातेलं काढलं.

माणसाला वेड लागावं, पण बीटाचं? या माणसाने उभ्या आयुष्यात बीटाला हात लावला नव्हता. सासूबाईंनी कधी केलंच, तर "माती खातोय असं वाटतं" म्हणून ताट सरकवायचे. त्या गेल्या आणि काही महिन्यांनी स्वारी बाजारातून पिशवीभर बीट घेऊन आली. मग परसातली मेथी आणि मुळे हद्दपार झाले आणि तिथे बीटाचं बी पडलं. तेव्हापासून घरात रोज बीट. उकडून, किसून दह्यात, पानांची लसूण घालून भाजी. तिला तर आता लाल रंगाचाच वीट आला होता.

पहिल्यांदा सासऱ्यांच्या मागून संडासात गेली आणि लाल पाणी दिसलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. सासरे मात्र पोट धरून हसले. "अगं बीट ते! घाबरट कुठली." शेजारणीनेही सांगितलं, बीट खाल्लं की काहींना होतं तसं. मग तीही हसली आणि तो विषय तिथेच संपला.

पहिला घाणा उकडून निघाला. थंड पाण्याखाली धरून अंगठ्याने दाबलं की सालं सुटत होती. लहान बीटांच्या फोडी बरण्यांत, वर व्हिनेगर, साखर, मीठ आणि दोन लवंगा उकळून ओतायचं. मोठी न उकडताच खोक्यात, कोरड्या वाळूत, एकाला एक टेकू न देता. "वर्षभर पुरली पाहिजेत," सासरे दोनदा म्हणाले आणि वाळू आणायला परसात गेले.

दुसरा घाणा शिजेपर्यंत कपडे भिजवावेत म्हणून ती त्यांच्या खोलीत गेली. हल्ली ते आपले कपडे आपणच धुवायचे. तिनं कारण विचारलं नव्हतं. दमलेलं माणूस कमी झालेल्या कामाची चौकशी करत नाही. आज पलंगाखाली एक पायजमा बोळा करून कोंबलेला सापडला. त्यावर लाल डाग होता. 'खातात की अंघोळ करतात बीटाने,' असं पुटपुटत तिनं तो मोरीत ताणून धरला आणि किटलीतलं उकळतं पाणी उंचावरून त्यावर ओतलं.

लॉन्ड्रीत नव्या मुलींना ती हेच आधी शिकवायची. बीट, फळं, यांना उकळतं पाणी. रंग फिका पडतो. रक्ताला मात्र थंडच. गरम पाणी लागलं की ते शिजतं, तपकिरी होतं आणि कापडात कायमचं बसतं.

डाग तपकिरी झाला.

तिनं किटली खाली ठेवली. स्वयंपाकघरात पातेलं उतू जात होतं, गॅस बंद करायचंही तिला सुचलं नाही.

सासरे वाळूची बादली घेऊन दारात आले. त्यांनी पायजमा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि बादली हळूच टेकवली.

"कधीपासून, बाबा?"

"झाले आठ-दहा दिवस. उष्णतेने असेल."

"बाबा."

ते मोरीच्या कठड्यावर बसले. बराच वेळ नखांतली माती काढत राहिले. "तुझी सासू गेली, त्यानंतर तू बहिणीशी फोनवर बोलत होतीस. म्हणालीस, आता पुन्हा कुणाचं आजारपण काढायची ताकद नाही माझ्यात. मी ऐकलं. अगं, खरंच होतं ते. दोन वर्षं तिला उचललंस, पुसलंस, भरवलंस. मी बघत होतो की."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाईट म्हणजे ते वाक्य आजही तितकंच खरं होतं. पुन्हा त्या हॉस्पिटलचा जिना, पुन्हा रांगेतलं बाकडं, पुन्हा रात्रीची जागरणं. आणि तरी तिला त्यांचा इतका राग आला की डोळे भरून आले.

"दमले म्हणाले होते मी," ती म्हणाली. "नको म्हणाले नव्हते."

तिनं जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन त्यांच्यासमोर चपला ठेवल्या. "उठा. शर्ट बदला."

"आणि ही बीटं?"

"राहू देत."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, मग खुर्चीत बसवलं. सासरे शहाण्या मुलासारखे मांडीवर हात ठेवून बसले होते. बोटं अजून लालच होती.

"लाल लघवी कधीपासून होतेय, आजोबा?"

"झाले आठ-दहा दिवस."

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "यांनी बाजारातून पहिली बीटं आणली, त्याच्याही आधीपासून."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. सासऱ्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली, आणि तिनं त्यांचा तो लाल हात आपल्या हातात घट्ट धरला.