पृथ्वीला वळसा आणि कपिलीचा पाय

ओळखलंत का मला? कोपरे झिजलेले, पाठीवर तपकिरी चिकटपट्टी आणि पहिल्या पानावर भोरच्या वाचनालयाचा शिक्का. मी कादंबरी बोलतेय. एरवी मला बोलायला वाचणारा लागतो, पण आज मन इतकं खातंय की कुणी उघडायची वाट बघवत नाही.

माझ्या पोटात एक शर्यत आहे. दोन हट्टी गृहस्थ पैज लावतात. एकानं पूर्वेला निघायचं, दुसऱ्यानं पश्चिमेला, पृथ्वीला वळसा घालायचा आणि आधी परत येईल तो जिंकला. बोटी, आगगाड्या, उंट, वादळं, सगळं आहे. जन्म माझा परमुलखातला, पुण्याच्या एका मास्तरांनी मला मराठीत आणलं. तेव्हापासून मला खुमखुमी एकच, की हातात घेणाऱ्यानं मला खाली ठेवता कामा नये. माझ्यापायी कुणाची भाजी करपली, कुणाची एसटी चुकली, की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आता त्या गुदगुल्या आठवल्या तरी लाज वाटते.

वाचनालयात सुरुवातीला माझी चंगळ होती. मग मोबाईल आले आणि मी खालच्या फळीवर गेले. कसर लागली, धूळ बसली. लोक यायचे, पेपर चाळायचे, पंख्याखाली डुलकी काढायचे आणि जायचे. माझ्याकडे ढुंकून कोणी बघेना.

एक दिवस सिद्धनाथ आला. भोरात टेम्पो चालवतो, घर हिर्डोशीच्या वरच्या वाडीत. "बायकोला वाचाया पायजे," तो म्हणाला. "लई परवासाचं कायतरी द्या. तिला फिराया आवडतं आन् मला न्ह्याला येळ न्हाई." झालं, मी टेम्पोत बसून घाट चढले.

त्याची बायको रत्ना किकवीची. हमरस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या आवाजात वाढलेली, बारावी शिकलेली. वाडीत दिवसाला एखादी एसटी आली तर आली. तिनं मला हातात घेतलं ते उपाशी माणसानं ताट ओढावं तसं. दुपारी ओढ्यावर धुणं धुताना ती माझी गोष्ट बायकांना सांगायची. त्यात शेजारची सोजराबाई सगळ्यात पुढे. एकटी म्हातारी, मागे कुणी नाही, दारात एक गाय, कपिली, तीही गाभण. "आज कुठवर पोचला गं तुजा शर्यतवाला?" असं विचारल्याशिवाय तिचं धुणं पिळून व्हायचं नाही.

त्या वाडीत गुरं राखायची पाळी असते. भातं निसवली, लोंब्या बाहेर पडल्या, की गुरं शेतात जाऊ नयेत म्हणून सगळ्या घरांची गुरं एकच माणूस डोंगराला नेतो. आज ह्या घराचा, उद्या त्या घराचा. पाळीवाल्याच्या हाती वाडीची गुरं म्हणजे वाडीचं दूधदुभतं. वाघरानं, म्हणजे बिबट्यानं, जनावर नेलं तर कुणी बोल लावत नाही, पण पाळीवाल्याच्या हयगयीनं गेलं तर त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

रत्नाच्या पाळीला तिनं भाकरीसोबत मलाही फडक्यात बांधलं. तिचा हिशेब असा, की म्होरक्या गायीच्या गळ्यात लाकडी घंटा आहे, सगळी गुरं तिच्यामागं असतात, तेव्हा डोळे पुस्तकात आणि कान घंटेत ठेवले की झालं. वाडीतली माणसं अशीच कानानं गुरं राखतात. पण ती माणसं गप्पा मारत बसली तरी अधूनमधून मान वर करतात. रत्नाला मी मान वर करू दिली नाही. एका गृहस्थाची नाव भोवऱ्यात सापडली होती, दुसरा किनाऱ्यावरून हसत होता. असल्या पानावर मी कुणाला सोडते होय?

घंटा वाजत होती. अगदी जवळ, संथ. म्होरकी झाडाखाली बसून रवंथ करत मान हलवत होती एवढंच. बाकीची गुरं पांगली होती. कपिली हिरव्या गवताच्या मोहानं कड्याच्या शेवाळावर गेली, पाय सरकला आणि खाली ओढ्यात पडली. ते हंबरणं ऐकून रत्नानं मला फेकलं आणि ती धावली.

माणसं आली. दोरांनी कपिलीला वर काढलं. पुढचा पाय मोडला होता. भोरहून जनावरांचे डॉक्टर आले, कामट्या लावून पाय बांधला. दुसऱ्या दिवशी कपिली गाभडली.

वाडीतले वडीलधारे कुंडलिकतात्या. त्यांनी विचारलं, "रत्ने, कुठं व्हतीस तू?"

"हितंच व्हते तात्या," रत्ना म्हणाली. "वाघरू आलं. गुरं उधळली."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. तात्यांनी त्या कड्याकडच्या उतारावर गुरं न्यायची बंदी केली, गुरं पलीकडच्या खडकाळ माळावर उपाशी फिरू लागली. आणि सोजराबाई? ती मीठमिरच्या घेऊन रत्नाच्या दारात आली आणि तिची दृष्ट काढली. "वाघराच्या तोंडातनं आलीस पोरी. गाय काय, हुईल बरी," म्हणाली. रत्ना पाटावर मान खाली घालून बसली होती. तिनं मला उचलून आणून कोनाड्यात दडवलं होतं, तिथून मी बघत होते. देवा, वाटलं, कसरीनं मला तेव्हाच खाऊन का नाही टाकलं!

त्यानंतर रत्नानं मला हात लावला नाही. पण सोजराबाई गोठा सोडून हलेना, आणि रोज हाक मारी. "रत्ने, त्या भोवऱ्यातल्याचं काय झालं गं? वाचून दाव की. तेवढंच मन रमंल." रत्ना आज काम आहे, उद्या डोकं दुखतंय, असं सांगून टाळायची. शेवटी एका संध्याकाळी ती मला घेऊन गोठ्यात गेली. ते पान उघडलं.

"आत्या, वाघरू आलंच न्हवतं," ती एकदम म्हणाली. "म्या ह्ये वाचत व्हते."

सोजराबाईनं मला तिच्या हातातून घेतलं. उलटंसुलटं केलं. आता ही मला शेणात फेकणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

"एवढुशापायी?" ती म्हणाली. "आन् म्या तुजी दिष्ट काढली गं!" तिनं मला परत रत्नाच्या हातात कोंबलं. "जा, माज्यापाशी रडू नगं. पयलं कुंडलिकाला सांग."

रत्नानं चारचौघांत सांगितलं. तात्यांनी तिचं घर पाळीतून काढलं. आता तिची गुरं तिनं एकटीनं राखायची, आणि ओढ्यावर ती आली की बायकांच्या गप्पा थांबतात. सिद्धनाथ संतापला. "आत्ताच्या आत्ता देऊन टाकतो ह्ये पुस्तक!" त्याला अडवलं कोणी, तर सोजराबाईनं.

"माजं वासरू गेलंय त्याच्यापायी. शेवट ऐकल्याबगर न्ह्याचं न्हाई."

मग रोज रत्ना कपिलीसाठी गवताचा भारा आणायची, गोठा झाडायची आणि खाली बसून मला वाचायची. सोजराबाई तिच्याशी एरवी चकार शब्द बोलत नसे. फक्त ऐकायची. दर पानाला रत्ना मान वर करून कपिलीकडे बघायची. मला आयुष्यात इतकं सावकाश कोणी वाचलं नव्हतं, आणि माझी काही तक्रार नाही.

काल मी संपले. उद्या टेम्पोतून पुन्हा वाचनालयात. वाचकहो, मला जरूर घरी न्या, पण कुणाचा जीव तुमच्या भरवशावर असेल तेव्हा मला मिटून ठेवा. मी स्वतःहून मिटत नाही, तो माझा स्वभाव आहे.

काल शेवटची ओळ वाचून झाल्यावर सोजराबाईनं विचारलं, "म्हंजे भोवऱ्यातला जितला?"

"जितला आत्या."

"येवढी पिरथिमी पळत पालथी घातली त्यानं. वाटंत कुणाचं काय मोडलं, त्ये लिवलंय का?"

रत्ना मला उलटी चाळू लागली. शेवटापासून सुरुवातीपर्यंत, एकेक पान. मीही आठवून आठवून पाहत होते.

"न्हाई आत्या," रत्ना म्हणाली. "कुठंच न्हाई लिवलेलं."