शेवटच्या नावांत टिंबू

गाडी शिकवणाऱ्या माणसाला ओरडायची सवय लागते. दिवसभर "आरसा बघा, क्लच सोडा, अहो हळू सोडा" करून मी घरी येते आणि घरातल्यांशीही तशीच बोलते, असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे. खोटं नाही ते. माझ्या तोंडाच्या पट्ट्याला सगळे वचकून असतात. पण या प्रकरणात मी ओरडले थोडी आणि गप्प बसले जास्त, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

धाकटी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत पाणी करायची. तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पाणी करतेस म्हणजे? नळ नाहीत का तुमच्याकडे?" मग तिनं समजावलं. गेममधली नदी, डबकी, छपरावरून गळणारे थेंब, वल्हं मारल्यावर उठणारी लाट, यातलं काहीही आपोआप होत नाही. कुणीतरी बसून ते घडवावं लागतं. त्यांच्या गेममध्ये एक पोस्टमन बुडत चाललेल्या गावात नावेतून पत्रं वाटत फिरतो, त्यामुळे पाण्याशिवाय त्या गेममध्ये उरतंच काय? ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या सिंकमध्ये ती निळा रंग कालवायची, मोबाइल स्टँडवर लावायची आणि एकाच मगानं पुन्हा पुन्हा पाणी ओतून त्याचं चित्रण करायची. माझ्याकडे जेवायला आली तरी ताटाआधी पेल्याकडे लक्ष. पेला तिरका करून पाणी काठाला कसं चिकटतं ते बघत बसायची. "पी की बाई, नाहीतर ठेव तरी खाली," असं मी किती वेळा म्हटलं असेल. ऑफिसात तिला सगळे पाणीवाली म्हणायचे.

गेम बनायला वर्षं लागतात. त्या वर्षांत धाकटीला दिवस गेले. पहिल्या सोनोग्राफीत एक ठिपका दिसला, त्याचं ऑफिसभर टिंबू झालं. त्यांच्या धंद्यात एक गोड पद्धत आहे. गेम बनत असताना कंपनीतल्या माणसांना जी मुलं होतात, त्यांची नावं गेमच्या अगदी शेवटी, काम करणाऱ्या सगळ्यांच्या नावांनंतर झळकतात. पॅन्ट्रीतल्या फ्रिजवर त्यासाठी एक कागद चिकटवलेला असे. ज्याच्या घरी बाळ येणार त्यानं त्यावर लिहायचं. टिंबूचं नाव मात्र धाकटीच्या आधी तिच्या साहेबानंच स्केचपेननं लिहून टाकलं. या साहेबाला सगळे कप्तान म्हणतात. धाकटीनं मला त्या कागदाचा फोटो पाठवला होता, आणि मी तो माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या सगळ्या शिकाऊंना दाखवला होता.

टिंबू आली ती अधू काळीज घेऊन. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात, माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. धाकटी त्या पेटीशेजारच्या स्टुलावरून हलेना. सुट्टी संपली, वाढवून घेतली, तीही संपली. कंपनीनं विचारलं, येणार की राजीनामा देणार? तिनं स्टुलावर बसूनच मोबाइलवरून राजीनामा दिला. तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नाही. पोर वाचली की बघू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. कंपनीनं फुलं पाठवली. अतिदक्षता विभागात फुलं नेत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

पोर वाचली नाही. घरी आणल्यावर चांगलंसं नाव ठेवू असं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. दवाखान्याच्या कागदांवर ती शेवटपर्यंत "अमक्या बाईचं बाळ" होती, वर आईचं नाव आणि खाली कोरी जागा. टिंबू हे नाव फक्त आमच्या तोंडी होतं, आणि नंतर तेही कुणी काढेनासं झालं. धाकटीसमोर काढायचं तरी कसं?

पुढच्या वर्षी गेम बाजारात आला. कंपनीनं तिला एक प्रतसुद्धा पाठवली नाही, तिनं स्वतः विकत घेतली. तिचा नवरा औषधांच्या दुकानात, त्याला रविवारीही दुपारची पाळी. म्हणून मी जाऊन बसले सोबतीला. मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या हातात तिनं ते बटणांचं यंत्र दिलं तर पोस्टमन लगेच नावेतून पडला आणि बुडाला.

"ताई, लोकांना गाडी शिकवतेस ना तू?"

"गाडी रस्त्यावर असते. तुझ्या पाण्याला ना लेन, ना सिग्नल."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी. मग तिनं यंत्र स्वतःकडे घेतलं आणि कितीतरी रविवार ती तो पोस्टमन वल्हवत राहिली. मी शेजारी बसून पाणी बघायचे. सकाळचं पाणी वेगळं, पूर चढतानाचं वेगळं, बंद घरात शिरून पायऱ्यांवर साचलेलं आणखी वेगळं. मी सरळ सांगते, मला अभिमान वाटला. पेल्याकडे टक लावून बघणारी ही बावळट पोरगी एवढं बघत होती होय, असं वाटलं.

एका रविवारी शेवटचं पत्र पोचलं आणि नावं वर सरकू लागली. मी खुर्ची पुढे ओढली. कप्तान आला. चित्रकार आले, आवाजवाले आले. पाण्याच्या मथळ्याखाली नावं आली, त्यातली एक बाई तर धाकटीनंच शेवटच्या महिन्यांत तयार केलेली. धाकटीचं नाव नव्हतं. पुढे कुठे असेल म्हणून आम्ही बघत राहिलो. वकील आले, हिशेबनीस आले, इमारतीचे पहारेकरी आले, कप्तानाचं मांजर आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मांजर? अगं, मांजर आहे आणि तू नाहीस?"

"ताई, थांब."

"काय थांब? आत्ता फोन लाव त्या तुझ्या कप्तानाला, मी..."

"ताई, थांब ना जरा."

पडद्यावर मथळा आला होता, "हा गेम घडत असताना आलेली बाळं". आठ-दहा नावं, सगळी मोकळ्या जागेत, हळूहळू वर जाणारी. मधेच टिंबू.

मी तोंड मिटलं. धाकटीनं पडद्याला हात लावला तोवर ते नाव वर निघून गेलं होतं. त्या गेममध्ये नावं मागे नेता येत नाहीत. पुन्हा बघायची तर शेवटचं पत्र पुन्हा पोचवावं लागतं. तिनं लगेच पुन्हा पोचवलं. मग पुन्हा एकदा. आई गं, हे नाव कुठेतरी लिहिलेलं बघायला ही पोरगी किती आसुसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

तिच्या नावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो नुसता मानाचा नव्हता. तिला परत कामाला लागायचं होतं. घरात बसून तिचा जीव गुदमरत होता. पण जिथे जाईल तिथे एकच विचारणा, कोणत्या गेमवर होतात? तिनं सांगितलं की समोरचा नावं तपासायचा आणि म्हणायचा, तुमचं नाव दिसत नाही. काम दाखवावं तर कंपनीच्या कागदावर सही केलेली, आतली एकही फाइल बाहेर दाखवायची नाही. इतकी वर्षं ती जणू कुठे नव्हतीच. एका ठिकाणी तर तिला सुचवलं की खोटी माहिती देऊ नये.

म्हणून आम्ही कप्तानाकडे गेलो. मी गाडी काढली, वाटेत काय काय बोलायचं ते घोकलं. त्यांच्या पॅन्ट्रीतून जाताना मला सिंक दिसलं. तळाशी निळा डाग अजून होता. फ्रिजवर नव्या गेमचा नवा कागद होता.

कप्तान माणूस वाईट नाही. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं धाकटीला बघितलं आणि उठून उभाच राहिला.

"तुझं पाणी लोकांना फार आवडलंय," तो म्हणाला.

"तिचं आहे हे त्यांना कसं कळणार?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "ताई, नियम आहे. गेम बाहेर पडतो त्या दिवशी जे कामावर असतील त्यांचीच नावं. मी केलेला नाही तो."

"मांजर होतं का कामावर?"

धाकटीनं माझा दंड धरला आणि त्याला म्हणाली, "मला नव्या कामासाठी हवंय हो, कप्तान. दुसरं काही नाही. आता गेमची दुरुस्त आवृत्ती निघणार आहे ना, त्यात घालता येईल?"

"अर्ज करता येतो," म्हणत त्यानं अर्जाचा कोरा कागद तिच्या हातात दिला, आणि मग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "पण करण्याआधी एक ऐक. अर्ज आला की तुझ्या खात्यावर यादीत जे जे आहे ते सगळं वरचे लोक तपासतात. बाळांनाही तोच नियम आहे. गेम बाहेर पडताना कामावर असलेल्यांचीच बाळं. तो कागद फ्रिजवरून तसाच उतरवून टाइप केला गेला. टिंबू... ते नाव राहून गेलंय. चुकून."

धाकटीनं हातातला कागद उलटा केला.

"अर्ज मंजूर झाला तर दोघी राहाल," तो म्हणाला. "नाही झाला तर तेही काढतील."

"आजवर कुणाचा झालाय मंजूर?" धाकटीनं विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नेऊ वरपर्यंत, वर्तमानपत्रात देऊ, अशी मी सुरुवात केली. कुणाच्या बापाची भीती आहे? पण धाकटी उठली होती. अर्जाचा कोरा कागद तिनं कप्तानाच्या टेबलावर परत ठेवला.

"नको," ती म्हणाली. "फक्त एक करा. दुरुस्ती निघेल तेव्हा ती बाळांची यादी कुणाला उघडू देऊ नका."

"नाही उघडू देणार," कप्तान म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचाही राग आला.

गाडीत मी तिला फाडफाड बोलले. तुझं आयुष्य आहे, ती पोर आता परत येणार नाही, तुला पोट आहे. बोलू नये ते बोलले. ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "ताई, तिचं दुसरीकडे कुठेच काही लिहिलेलं नाहीये गं." मी गिअर बदलला.

आणखी काही महिने गेले. मग एका लहानशा कंपनीनं तिला भेटायला बोलावलं. त्यांना पाणीच करणारं माणूस हवं होतं. मी तिला सोडायला गेले आणि समोरच गाडी लावून थांबले. एका शिकाऊचा तास रद्द केला. देवाचं नाव मी सहसा घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. ती गाडीत बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली.

"काय झालं?"

"मिळालं. सोमवारपासून या म्हणाल्या तिथल्या बाई."

मी तिला मिठी मारायला वळले, तर ती तशीच ताठ.

"नाव नाही म्हणून अडलं नाही?"

"अडलं होतं. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोरच शेवटचं पत्र पोचवून नावं लावली, म्हणाल्या, दाखवा कुठे आहात. मी नाही म्हटलं. मग अगदी शेवटी..." ती थांबली. "टिंबू आलं तेव्हा मी बोट ठेवलं. म्हटलं, ही माझी मुलगी. त्यांना ती पद्धत माहीत होती. बाहेरच्यांची मुलं त्यात नसतात ना. त्यांनी लगेच विश्वास ठेवला."

"मग बरंच झालं की गं."

"त्या हसल्या. म्हणाल्या, किती गोड नाव. आता केवढी झाली?"

मी स्टिअरिंग धरून बसले.

"चालायला लागली, असं सांगितलं मी," धाकटी म्हणाली. "पाण्यात खेळायला फार आवडतं, हेही सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं. त्यांची पण तेवढीच आहे. म्हणाल्या, एकदा घेऊन या ऑफिसात."

रस्त्यावर माणसं येत-जात होती. मी चावी फिरवली आणि गाडी पुढे दामटली. ती जागची हलेना. नुसती घुरघुरत, थरथरत राहिली.

"ताई," धाकटी म्हणाली, "हँडब्रेक."

मी हँडब्रेक सोडला. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

"रोज कुणीतरी विचारणार गं आता," ती म्हणाली. "तिला काय काय येतं ते मला ठरवून ठेवायला हवं."