दीड फूट

जाळी मीच गाडली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं आईवर ढकलून मी मोकळा होईन.

ब्राह्मी, माझी बायको, सांगलीहून दोन ससे घेऊन आली. पांढरी कापशी आणि राखाडी भुरी. मळ्यातल्या आमच्या घरामागं जरा पडीक जागा होती, तिथं तिनं त्यांच्यासाठी बाग केली. मेथी, कोथिंबीर, लसूणघास, झेंडू आणि एका कडेला नुसती हरळी. औषधाचा पंप ती तिकडं फिरकू देत नसे. कुत्री येऊ नयेत आणि ससे उकरून बाहेर जाऊ नयेत म्हणून भोवती तारेची जाळी हवी होती. "जमिनीत फूटभर गाडा, तेवढी बास हाय," ती म्हणाली. मी दीड फूट गाडली. हाताला फोड आले, ते चार जणांना दाखवतही फिरलो.

बागेच्या मधोमध आईची कण्हेर होती. आई रोज तिची फुलं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, न्यायची. कण्हेरीचं पान पोटात गेलं तर ससा वाचत नाही. ब्राह्मीनं सासूला हात जोडून विचारलं, "आत्या, दुसरीकडं लावून दिऊ का?"

"तोड की. माझं काय," आई म्हणाली.

मी तोडली. आई त्या दिवशी हसत जेवली. आमच्या आई, गुणमालाबाई, हसत जेवल्या की घाबरावं, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवं होतं.

भाद्रपदात आईनं पर्युषण पर्वाचे दहाही उपवास धरले. शेवटच्या दिवशी, चतुर्दशीला, ब्राह्मी बस्तीत पूजेच्या तयारीला गेली, तेव्हा आईनं दोन्ही ससे टोपलीत घालून माझ्यासमोर ठेवले.

"जीव कोंडून ठिवायचं पाप आपल्या दारात नको. अभयदान दिऊया. उसात सोडून ये."

"आई, ही पाळलेली हायती. भाईर जगायची न्हाईत."

"न्हेत न्हाईस तर मी पारणंच करनार न्हाई. ऱ्हा मग तुझ्या सशास्नी घिऊन."

मला सगळं कळत होतं. तरी टोपली उचलली. उसाच्या कडेला भुरी हातातून उतरेना, नखं शर्टात रुतवून बसली. ती मी एकेक करून सोडवली. कापशी मात्र वाट पाहत बसल्यासारखी बांधावर बसून राहिली. मी मागं न बघता आलो.

बस्तीत लाउडस्पीकरवर आईच्या अभयदानाचं कौतुक झालं. ब्राह्मीला ते तिथंच कळलं. ती अनवाणी उसात धावली. भुरीची केसाळ कातडी आणि एक कान सापडला. कापशी सापडली नाही. ब्राह्मी दोन दिवस मेथीला पाणी घालत राहिली, कापशी परत आली तर म्हणून बागेचं फाटक उघडं ठेवून. आई येता-जाता ते लावून घेत होती.

तिसरा दिवस क्षमावाणीचा. त्या दिवशी आमच्यात लहान-थोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. सकाळी बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जाळीच्या बाहेर, कापशी पडलेली दिसली. मागचा भाग कुत्र्यांनी नेला होता. पुढचे पाय खड्ड्यात होते आणि नखं तुटलेली. मेथीच्या वाफ्याकडं जायला तिनं जाळीच्या बुडाशी उकरलं होतं. ब्राह्मी तिथंच मातीत बसली.

तेवढ्यात आई बस्तीतून आली, पांढऱ्या लुगड्यात, प्रसन्न. सुनेसमोर हात जोडले.

"वर्सभरात काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा असावी."

ब्राह्मीनं मातीचे हात जोडले. "क्षमा, आत्या."

आईनं खड्ड्याकडं पाहिलं. "सुटला बिचारा जीव," म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "आता जागा मोकळीच हाय. शेजारच्या साळूबाईकडनं कण्हेरीची फांदी आणलीया. आजच लाव."

ती घरात गेली. मला तिचा राग आला आणि त्याहून माझी किळस आली. काहीतरी बोलावं म्हणून मी ब्राह्मीजवळ बसलो.

तिनं खड्ड्यात हात घातला. कोपराच्या अलीकडपर्यंत गेला, फूटभराहून जरा खोल, आणि तिथं बोटं तारेला अडली. तिनं खालची माती चाचपली. तार अजून खाली गेलेली होती.

"मी फूटभर सांगितली हुती," ती म्हणाली.