टिंबाचे पक्षी

दुर्बिणीच्या पेटीची कडी टक्कन उघडली आणि स्वयंपाकघरात पावाला लोणी लावणाऱ्या तिच्या हातातली सुरी तिथेच थांबली. आई जाऊन सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत ती कडी कोणी उघडली नव्हती. पेटी कपाटावर, पेटीवर आईचं शिवणाचं टोपलं. टोपल्याला हात लावायचा नाही, हे कोणी न बोलताच घरात ठरून गेलं होतं.

"मग, यायचंय की नाही?" बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "नऊला टेकडीवर नसलो तर पक्षी काही आपल्यासाठी खोळंबणार नाहीत."

ती दारात आली. टोपलं जमिनीवर उतरवलेलं होतं, झाकणासकट, अगदी अलगद. बाबा खुर्चीत बसून दुर्बिणीची भिंगं मऊ फडक्यानं पुसत होते. चाळीस वर्षं घड्याळांच्या काचा पुसल्या तशीच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. हात थरथरतात म्हणाले, आणि घड्याळजीचे हात थरथरायला लागले म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

वर्षातून एक दिवस मोठ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी असे. हिवाळ्याच्या तोंडाशी ते या डोंगरावरून जातात, तेव्हा ठिकठिकाणच्या टेकड्यांवर त्याच एका दिवशी माणसं बसतात आणि आकाशात काय दिसलं ते लिहून पाठवतात. या टेकडीवर एकतीस वर्षं बाबा बसत आले होते. बाबा सांगायचे, आई लिहायची. सांगणाऱ्याची नजर वहीकडे वळली की तेवढ्यात पक्षी निसटतो, म्हणून सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. 'यंदा लिहिणार कोण?' असं बाबांनी फोनवर विचारलं नव्हतं. नुसतं 'मोजणी रविवारी आहे' म्हणाले होते. ती ज्या औषधाच्या दुकानात कामाला होती तिथे तिनं सुट्टी टाकली आणि मुलीला घेऊन आली.

"टिटवे, बूट घाल," बाबा नातीला म्हणाले. सात वर्षांची ती पोर सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत बोलत असे, म्हणून टिटवी.

"आजोबा, मी पण मोजणार."

"तू बोलायची थांबलीस तर."

"मग तुम्हीच मोजा."

चढणीवर बाबांनी तिच्या कोपराला धरलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तिचं कोपर. तिला वाटलं, माणूस एकटा पडला की असंच होतं, काहीतरी धरावंसं वाटतं. पाय मात्र वाटेवर बिनचूक पडत होते. कुठे दगड, कुठे मूळ, सगळं त्यांच्या पावलांना पाठ होतं.

वर सपाट खडकावर सतरंजी अंथरून झाली. बाबांनी थर्मासमधून चहा ओतला, एक थेंब न सांडता. तर्जनी कपाच्या आत वाकवून ठेवली होती. बोटाला चटका बसला तेव्हा थांबले. तिनं ते पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

"आजोबा, इतक्या लांबून कुठला पक्षी ते कसं कळतं?"

"तुझी आई रस्त्याच्या पार त्या टोकाला असली तर तुला कळते की नाही?"

"कळते."

"कशावरून? नाक बघून?"

टिटवी विचारात पडली. "चालते ना ती. भांडायला निघाल्यासारखी."

"अगदी तस्सं," बाबा म्हणाले आणि सात महिन्यांत पहिल्यांदा हसले. "रंग बघायचा नाही, चाल बघायची. घारीच्या शेपटीला खाच असते आणि ती शेपटी सारखी वळवत असते, जागेवर स्वस्थ बसवत नाही तिला. तुझ्यासारखीच. भोवत्या दोन्ही पंख वर धरून गवतालगत डुलत जातो, दोरीवरून चालल्यासारखा. गिधाड म्हणजे कोणी घराचं दार काढून आकाशात सोडून द्यावं, तसं. रुंद, सरळ, आणि डोकं जवळजवळ नाहीच."

"आणि गरुड?"

"गरुडाची मान पुढे, पंख लांब, आणि पंख हलवायची घाई म्हणून नाही. आपलं काम दुसरं कोणीतरी करणार आहे अशा थाटात येतो."

"म्हणजे आमच्या मोठ्या सरांसारखा."

"ओळखलंस!"

नऊ वाजून दहा मिनिटांनी वरून लांबलचक, थरथरती शीळ आली. "घारी दोन, डावीकडे," बाबा म्हणाले. दोन घारी होत्या. तिनं पेन्सिलीनं लिहिलं. आईच्या जागेवर बसून, आईच्याच वहीत.

पुढे बाबा म्हणाले, "भोवत्या, एक. खालच्या गवतावरून."

तिनं गवतावरून नजर फिरवली. गवत वाऱ्यानं वाकत होतं, त्यावर काही नव्हतं. आपल्याला उशीर झाला असेल, पक्षी उताराआड गेला असेल, असं म्हणून तिनं लिहिलं.

"गिधाडं तीन. कड्यावरून वर निघालीत."

समोरचा कडा पुसलेल्या पाटीसारखा स्वच्छ होता.

"कुठायत?" टिटवीनं डोळ्यांवर हात धरला.

"बघायला शीक, टिटवे. नुसतं तोंड चालवून पक्षी दिसत नाहीत."

तिनं लिहिलं. गिधाडं, तीन. पाठोपाठ आणखी एक भोवत्या. मग कड्यावर पुन्हा गिधाड. बाबांची दुर्बीण सावकाश, अदबीनं फिरत होती आणि ऊन, वारा, वेळ यांचा अंदाज घेत एकतीस वर्षांचं आकाश जागच्या जागी मांडत होती. दहाला गिधाडं यायची, तर ती आली. साडेदहाला भोवत्या यायचा, तोही आला.

तेवढ्यात तिच्या वहीवरून एक सावली सरकली. वहीवरून बाबांच्या सदऱ्यावर, सदऱ्यावरून खडकावर. तिनं मान वर केली. पाठीमागच्या बाजूनं गरुड येत होता, इतका खाली की पंखांच्या टोकांची सुटी पिसं मोजता आली असती. मान पुढे, पंख ताणलेले, घाई म्हणून नाही. टिटवी उभी राहिली. तिच्या तोंडाचा आ झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून शब्द फुटला नाही.

बाबांची दुर्बीण कड्यावर होती. गरुड त्यांच्या डोक्यावरून समोर गेला, दरीवर एक फेरी मारून उंच चढला.

"आता जरा शांत आहे," बाबा म्हणाले. "अकरानंतर येतील."

टिटवीनं आईकडे पाहिलं. तिनं पोरीचा गुडघा घट्ट दाबला आणि मान हलवली. नाही.

हात कधी थरथरलेच नव्हते तर. चहाच्या कपात वाकवलेलं ते बोट तिला आठवलं, कोपराला धरलेला हात आठवला. गेले होते ते डोळे.

आणि संध्याकाळी बेरजेचा कागद भरायचा होता. त्याच्यावर बाबांची सही होणार, आणि उद्याच्या टपालानं तो मोजणीच्या कचेरीत जाणार. एका वर्षी त्यांचा एक जुना मित्र, बँकेतला, त्यांच्याबरोबर टेकडीवर बसला होता. त्यानं न दिसलेलं एक गिधाड लिहायला सांगितलं. बरं वाटेल आकडा, म्हणाला. एक गिधाड. बाबांनी पुन्हा त्याला टेकडीवर आणलं नाही. वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं, हे वाक्य तिनं घरात मीठमिरचीइतकं ऐकलं होतं. आता ती जे लिहून ठेवत होती ते खोटं होतं आणि सही त्यांची होती. सांगावं, तर बाबांचं आकाशच काढून घेतल्यासारखं. सगळंच तर गेलं होतं. दुकान गेलं होतं, आई गेली होती.

दुपारी पाव खाऊन झाल्यावर बाबा टोपी तोंडावर ओढून आडवे झाले. टिटवी वहीची मागची पानं चाळत बसली.

"आई, आजीनं पुढे टिंबं का दिलीत?"

"कसली टिंबं?"

टिटवीनं बोट ठेवलं. आईचं अक्षर, आखल्यासारखं. गिधाडं, दोन. शेवटी एक टिंब. भोवत्या, एक. टिंब. घारी, चार. टिंब नाही.

तिनं पान मागे उलटलं, मग आणखी मागे. दुकान बंद झालं त्याच्या आदल्या वर्षी पानभर नोंदींत दोनच टिंबं होती. पुढच्या वर्षी अकरा. गेल्या वर्षीच्या पानावर तेवीस नोंदी, त्यातल्या एकोणीस टिंबाच्या. आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत, मुंगीएवढ्या अक्षरात, गोल करून काही नोंदी: 'गरुड एक, डोक्यावरून, अगदी जवळून.' बाबांनी जे सांगितलं ते सगळं आईनं लिहिलं होतं. त्यातलं जे तिला दिसलं नाही, त्यापुढे टिंब दिलं होतं. आणि जे एकटीलाच दिसलं, ते गोलात ठेवलं होतं. टेकडीवर ती वाद घालत नव्हती, आणि खोटंही लिहीत नव्हती.

बेरजेत तिनं टिंबांचं काय केलं होतं ते मात्र कुठेच नव्हतं. बेरजेचं पान दर वर्षी फाडून पाठवायचं असे. वहीच्या शिवणीत त्याची नुसती दातेरी किनार उरली होती. तिनं त्या किनारीवरून बोट फिरवलं.

"वही दे जरा," टोपीखालून बाबा म्हणाले.

ते उठून बसले. तिनं आजचं पान उघडून वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानाकडे पाहिलं नाही. पान उलटलं, आणि त्याच्या कोऱ्या, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, घड्याळाच्या चकतीवरची बारीक चीर शोधावी तसा. मग गेल्या वर्षीच्या पानामागूनही फिरवला. तिथे अंगठा पुन्हा पुन्हा थबकला.

"तुझी आई पेन्सिल फार दाबायची," ते म्हणाले. "कापडावर खुणा करून करून लागलेली सवय. मागून हाताला लागायचं."

वारा वहीचं पान उचलू पाहत होता, ते त्यांनी तळव्याखाली धरून ठेवलं.

"तुम्ही तिला कधी..."

"काय बोलायचं? ती लिहीत होती ना." त्यांनी वही परत दिली. "तुझा हात हलका आहे गं. पान नुसतं गुळगुळीत लागतंय."

एवढं बोलून त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तोंड कड्याकडे केलं. मग तिनं सकाळच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. घारी दोन, त्या होत्या. भोवत्या एक. तिनं पेन्सिल टेकवली आणि दाबली, पुठ्ठ्यापर्यंत दाबली. गिधाडं तीन. दाबली. टोक मोडलं तेव्हा टिटवीनं शार्पनर पुढे केला. शेवटी दोन ओळींच्या फटीत तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'गरुड एक', आणि भोवती गोल काढला.

प्रत्येक टिंबाचा पुठ्ठ्यावर बारीकसा आवाज होत होता. बाबांचे खांदे हळूहळू खाली आले.

"भोवत्या. मादी," ते म्हणाले आणि थांबले.

तिनं गवताकडे पाहिलं. लिहिलं. टिंब दिलं.

"हं," बाबा म्हणाले. "उजवीकडे, घारी तीन."

तीन होत्या. शीळ घालत चालल्या होत्या. तिनं लिहिलं आणि पेन्सिल उचलली. आवाज झाला नाही, तशी बाबांनी किंचित मान डोलावली.

ऊन कड्यावरून खाली उतरलं. चार वाजले, मोजणी संपली. तिनं बेरजेचं पान काढून वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवलं आणि डोळ्यांच्या कडा मनगटानं पुसल्या. टिटवी शेजारी सरकून बसली. बेरीज आपणच करणार, शाळेत दोन अंकी झाली आहे, असं तिनं जाहीर केलं आणि बोटं मोजत ओळीमागून ओळ उतरू लागली. पुढे बाबा दुर्बिणीची भिंगं पुसत बसले होते. फडकं एकाच भिंगावर फिरत राहिलं होतं.

"आई, ही टिंबवाली धरायची की सोडायची?"

तिनं तोंड उघडलं. पुढे बाबांचं फडकं थांबलं.

टिटवीनं तिची वाट पाहिली, मग आजोबांच्या पाठीकडे पाहिलं, मग वहीच्या शिवणीतल्या त्या दातेरी किनारीकडे.

"आजी धरायची का गं?"