स्ट्रूपचं कोपर

वेंडेल स्ट्रूप ओहायोतल्या आमच्या गावच्या संघात बेसबॉल खेळायचा, तेव्हापासून माझा नवरा मर्ल त्याच्यावर जीव टाकायचा. पुढे पोरगा मोठ्या संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला आणि त्याचं पहिल्या वर्षाचं, फोटो आणि सही असलेलं कार्ड मर्लला विकतच्या पाकिटात सापडलं. खेळाडूंची अशी कार्डं लोक जमवतात, आणि खेळाडू चमकला की ती महाग होतात. त्या उन्हाळ्यात स्ट्रूपचा चेंडू कुणाला दिसेना. कार्डाचा भाव असा चढला, की कार्डांचा दुकानदार गस स्वतः आमच्या दारात आला. तो देत होता तेवढ्या पैशांत आम्ही दोघं विमानाने ओरेगॉनला जाऊन महिनाभर राहिलो असतो. तिथे माझी बहीण नेडीन आजारी होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"देऊन टाक," मी म्हणाले.

"अगं, सप्टेंबरात दुप्पट होईल. मग निवांत राहू. तिला समुद्रावर नेऊ."

"पुठ्ठ्याचा तुकडा आहे तो, मर्ल."

"तुला त्यातलं काय कळतं?"

तो वाईट माणूस नाही. मला बहिणीकडे थाटात न्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायची खोड जन्माची.

नेडीनला फोनवर सांगितलं तर ती हसली. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नसे, तरी तेव्हापासून ती स्ट्रूपचा एकही सामना चुकवेना. "तुमचं पोरगं आज छान खेळलं गं," म्हणायची. तिचा आवाज मात्र खोल खोल चालला होता.

ऑगस्टमध्ये एक चेंडू टाकून स्ट्रूपने कोपर धरलं आणि तो मैदानातच खाली बसला. मर्ल टीव्हीसमोर उभाच राहिला. तेवढ्यात नेडीनचा फोन आला.

"त्याला फार लागलं का गं?"

मग आमच्या घरात एका परक्या पोराच्या कोपरासाठी रोज प्रार्थना सुरू झाली. याची मला अजून चीड येते. शस्त्रक्रिया झाली, पण तो हात पुन्हा तसा चालला नाही. मर्ल कार्ड घेऊन गसकडे गेला.

"आता याची कॉफीसुद्धा यायची नाही, बाबा," गस म्हणाला.

ऑक्टोबरात नेडीन गेली. मर्लने त्याच दुपारी उधारीवर विमानाची तिकिटं काढली. ओरेगॉनला पोचलो तेव्हा तिच्या नवऱ्याने, क्लाइडने, मागची खोली उघडून दिली. पलंगावर नवी चादर, दोन उशा, पायथ्याशी तिने स्वतः विणलेलं पांघरूण.

"जूनपासून तुमच्यासाठी तयार ठेवला होता," क्लाइड म्हणाला. "कुणाला टेकूसुद्धा देत नव्हती."

तो गेल्यावर मर्ल पलंगाच्या कडेला बसला. बराच वेळ चादरीवरून हात फिरवत राहिला.

"उधारीवर तिकिटं तेव्हाही मिळाली असती," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. त्याला बरं वाटेल असं काही बोलावं, असं मला वाटलं नाही.